वेलांटीकाकांनी दुरुस्त केलेला शब्द

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची नजर अशी झाली होती, की दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तरी दिवस वाया जायचा. माणूस मात्र गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या वर्षी एका लेखिकेचं पुस्तक छापायला आलं. बऱ्याच माणसांनी त्यात आपापली हकिगत सांगितली होती. काही, खुद्द लेखिकेसारखी, आंतरलिंगी, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मापासूनच मुलगा किंवा मुलगी या दोन चौकटींत बसत नाही. काही उभयलैंगिक, म्हणजे ज्यांचं मन पुरुषावरही जडू शकतं आणि स्त्रीवरही.

बाराव्या हकिगतीत एका टपालवाल्याने लिहिलं होतं, ‘आधी एका मित्रावर प्रेम केलं, नंतर बायकोवर. दोन्ही खरी.’

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. तेविसाव्या वर्षी ते एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याबरोबर एका खोलीत राहत होते. दोन वर्षं. मग तो दुसऱ्या गावी गेला, पत्रं विरळ होत थांबली, यांचं लग्न झालं आणि बायकोवर यांचा जीव जडला. पहिल्या नात्याला काय म्हणायचं ते कधी कळलंच नाही, म्हणून ते कधी बोललेही नाहीत. आता शब्द समोर होता.

दुसरं मुद्रित आलं तेव्हा तो शब्द नव्हता. ‘उभयलैंगिक’ही गेला होता आणि ‘आंतरलिंगी’ही. सगळीकडे एकच शब्द बसवला होता : ‘उभयलिंगी’. काका दोन्ही मुद्रितं घेऊन मालकांकडे गेले.

“मीच बदलायला सांगितलं,” मालक म्हणाले. “वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप कशाला? सगळं एकाच माळेचे मणी.”

“एक शरीराची गोष्ट आहे, एक मनाची. टपालवाल्याच्या शरीरात काही वेगळं नाही हो. आणि लेखिकाबाई कुणावर प्रेम करतात ते त्यांनी कुठंच लिहिलेलं नाही.”

“तुम्हाला बरंच कळतं यातलं!” मालक हसले.

“कळतं. मी त्या टपालवाल्यासारखाच आहे.”

मालकांनी घसा खाकरला. “करा काय करायचं ते,” म्हणाले आणि उगाच फोन उचलला.

दुपारपर्यंत गोष्ट षट्कर्णी झाली. बांधणीवाला रोज त्यांच्याशेजारी बसून डबा खायचा, तो त्या दिवशी यंत्राच्या पलीकडे जाऊन बसला. कुणीतरी ‘उभयकाका’ म्हणालं आणि खसखस पिकली. काकांनी मान वर न करता दोनशे पानांवर दोन्ही शब्द पुन्हा लिहिले, जिथला तिथे.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून ते लवकर घरी गेले. काकू चादरीला इस्त्री करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी करून ठेवली.

“म्हणजे सव्वीस वर्षं मी कोण होते? आडोसा?”

“नाही गं.”

“मग कोण?”

काकांनी चादरीची घडी घालायला घेतली. काकूंनी आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेली. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं.

दोन महिन्यांनी पुस्तक निघालं. वाचनालयाच्या सभागृहात एक लघुपट दाखवून मग लेखिकेशी गप्पा, असं ठरलं होतं. काका चप्पल घालत होते, तेवढ्यात काकू पर्स घेऊन दारात आल्या. “मीही येते. बघू तरी.”

तीसेक माणसं होती. पडद्यावर लेखिका सांगत होती, की ती तान्ही असताना तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत कुणी तिला त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. दवाखान्याचे कागद आईने लपवून ठेवले होते. टपालवाल्याचा नुसता आवाज होता, चेहरा नव्हता.

दिवे लागल्यावर पहिला हात काकूंचा वर गेला.

“तो टपालवाला,” काकू म्हणाल्या, “त्याच्या बायकोला का नाही कुणी विचारलं?”

लेखिकेने ते वहीत टिपून घेतलं. “चुकलंच आमचं,” ती म्हणाली. “ते सुचलंच नाही.”

काकूंनी जाताना एक प्रत विकत घेतली.

छापखान्यात काकांना आता शाळेची पुस्तकं तेवढी तपासायला मिळतात. बांधणीवाला पुन्हा शेजारी बसायला लागला, पण गप्पा पूर्वीच्या नाहीत. घरी उशी बाहेरच्याच खोलीत आहे. काकू रोज दोन-तीन पानं वाचतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

परवा मात्र वाचता वाचता त्यांनी विचारलं, “हिच्या आईने कागद का लपवले असतील?”

“घाबरली असेल.”

“तुम्हीही घाबरलात.”

“हो.”

“कुणाला? मला?”

काकांनी होकारार्थी मान हलवली. काकूंनी पुस्तक मिटलं. “सव्वीस वर्षं घाबरलात मला?” म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडल्या. काका पलंगाच्या कडेला बसून राहिले. जवळ जावं की नाही, त्यांना कळेना.