बांबूच्या दोन खांबांमधून

आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावरून मैदान दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी येते. ऐकू मात्र सगळं येतं. माझी मुलगी खेळत होती तेव्हा ड्युटीवरून आलो की मी चहा घेऊन तिथे बसायचो आणि तिच्या किक ऐकायचो. सात-सात जणींच्या रग्बीत ती किक अशी मारतात: चेंडू हातातून खाली सोडायचा, आणि तो जमिनीला टेकून उठू लागला की तेवढ्यात पायाने मारायचा. म्हणून आवाज दोन होतात. आधी टप्, मग धप्प. किक फसली की दोन्ही सुटे ऐकू येतात. नीट बसली की दोन्हींचा मिळून एकच भरीव आवाज होतो. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पोरींचा कल्ला. चेंडू खांबांमधून गेला की नाही, हे मला टाकीआडूनही कळायचं.

"का जी, चहा पिऊन राह्यले का नुसता धरून राह्यले?" बायको आतून विचारायची.

आजही बसतो. मैदान बंद पडलेलं नाही, नवीन मुली येतात, चांगल्या पळतात. त्यांच्या किकचे आवाज सुटे येतात. मी कप खाली ठेवतो, ऐकतो, पुन्हा उचलतो.

राजुऱ्याजवळच्या आमच्या कोळसा वसाहतीत हा खेळ आला तो शाळेत नव्याने लागलेल्या खेळाच्या शिक्षकांमुळे. ते चंद्रपूरचे, वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. तरुणपणी ते नागपुरात खेळले होते, तेही स्क्रमच्या पहिल्या ओळीत. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे गडी डोकी खुपसून एकमेकांना रेटतात तो घोळका. तिथेच त्यांची कंबर गेली. चाळिशीच्या आत पट्टा लागला. मैदानात ते प्लास्टिकची खुर्ची उलटी टाकत, तिच्या पाठीला छाती टेकून बसत आणि तिथूनच ओरडत. पोरी त्या खुर्चीला 'सरची स्कूटर' म्हणायच्या.

गोलाचे खांब बांबूचे. सरांचा विचार होता की फुटबॉलचा गोल आहेच, त्यालाच वर दोन बांबू बांधावेत. मी खाणीच्या काट्यावर नोकरी करतो, कोळशाचे ट्रक तोलतो. अंदाजपंचे काम माझ्याच्याने होत नाही. मी माप विचारलं. दोन खांबांत पाच मीटर साठ सेंटीमीटर, आडवा दांडा तीन मीटरवर. फुटबॉलचा गोल त्याहून रुंद आणि बुटका. त्यात सराव करून पोरी बाहेर गेल्या तर नक्की फसणार. मग मी टेप आणला, वाळलेले सरळ बांबू निवडले, आणि दांडा तारेने आवळताना दोनदा सोडून पुन्हा मोजला.

"तुमी त सोनाराच्याही वरचे निघाले, भाऊ," सर कमरेवर हात ठेवून म्हणाले.

मुलगी पळण्यात मागे होती. कबड्डीत पहिली बाद व्हायची. रग्बीतही सुरुवातीला ती कडेलाच असायची, बाहेर गेलेला चेंडू परत मारण्यापुरती. पण तो चेंडू ती जिथून मारायची तिथून सरळ सरांच्या खुर्चीजवळ यायचा. लांबट चेंडू, उसळतो कुठे आणि जातो कुठे, तरी हिचा नेमका यायचा. सरांनी दोन-तीन दिवस काहीच म्हटलं नाही. मग खुर्ची उचलून खांबांच्या मागे नेऊन ठेवली आणि म्हणाले, "आता मार. मले लागला पायजे."

किक हलकी गेली की ते ओरडत, "अवं, कपबशी ठेवून राह्यली का? फुटत नाई तो!"

सरांना आणि मला संध्याकाळी मैदानाच्या भिंतीला टेकून संघाचं काय होईल याचा हिशेब मांडायची सवय लागली. ट्रायचे, म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेमागे टेकवल्याचे, पाच गुण. त्यानंतर दांड्यावरून, खांबांमधून गेलेल्या किकचे दोन. ट्राय कोपऱ्यात झाली तर किकही त्याच कोपऱ्याच्या ओळीत मागे येऊन मारावी लागते. तिथून खांब तिरपे दिसतात, मधली फट चिंचोळी होते. बहुतेक संघ ती किक नशिबावर सोडतात.

"समजा, दोघांच्या तीन-तीन ट्राय," मी म्हणायचो. "पंधरा-पंधरा. त्यांची एक किक गेली, सतरा. आपल्या तीनही गेल्या, एकवीस."

"आन् तीन ट्राय मारनार कोन? तुमी?" सर म्हणायचे. पण ऐकून त्यांना बरं वाटायचं. आमच्या पोरी अंगाने लहान, चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलींना धरून पाडण्यात कच्च्या. मात्र ट्राय बरोबरीत आल्या तर त्या हरणार नाहीत, एवढं आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं.

त्या हिवाळ्याच्या शेवटी चंद्रपूरला सामने झाले. शेवटच्या सामन्यात अगदी शेवटी आमची ट्राय झाली, तीही डाव्या कोपऱ्यात. एका गुणाने आम्ही मागे. मुलगी रेषेजवळ मागे आली. तिथून खांब असे दिसत होते की मधून हातही जाणार नाही. तिने चेंडू सोडला. एकच आवाज झाला. मी वर पाहिलंच नाही. बायकोने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला, त्यावरून कळलं.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या बाकाजवळ उभे राहिले. बसच्या बाकावर बसणं त्यांना जमत नसे. म्हणाले, "राज्याच्या पोरींच्या संघाले किकर नाई, भाऊ. जूनमध्ये निवड आहे. मी नाव पाठवून राह्यलो." पुढच्या बाकावर मुलगी झोपली होती. झोपेतही एक हात पाठीमागे कमरेशी होता. मला ते दिसलं, पण मला वाटलं बस आदळते म्हणून असेल.

ओळखलं सरांनी. पंधरा दिवसांनी ते घरी आले आणि उभ्यानेच बोलले. "पोरगी बूट घालाले खाली बसून नाई राह्यली. भिंतीले टेकून उभ्यानं घालून राह्यली. माह्यंही असंच सुरू झालं होतं. उद्याच दाखवा."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढले. किक मारताना पाठ मागे ताणते आणि लगेच पीळ घेते. वाढत्या वयात तेच तेच पुन्हा झालं की कमरेच्या मणक्याच्या एका बारीक हाडाला चीर पडते. तशी पडली होती. डॉक्टर समजुतीचे होते. म्हणाले, भरून येईल, तीन महिने पूर्ण आराम हवा. त्यांनी चित्रांचा एक कागद दिला. पळणारी मुलगी, तिच्यावर फुली. उडी मारणारी, फुली. वाकून पोतं उचलणारा माणूस, फुली. मी मोजणी केली, जूनच्या निवडीआधी तीन महिने पुरे होत होते. जेमतेम, पण होत होते.

घरात मी एकेक गोष्ट कागदाप्रमाणे केली. पाण्याची बादली बंद. शाळेचं दप्तर माझ्या खांद्यावर. दहावीची परीक्षा तिने पाठीमागे उशी ठेवून दिली. परीक्षा झाल्यावर मात्र अडचण आली. ती दिवसभर ओट्यावर बसायची आणि मैदानाचे आवाज ऐकायची. एकदा तर तिची चप्पल टाकीपलीकडे, मैदानाच्या वाटेवर सापडली. मग बायकोने तोड काढली, की हिला आजीकडे पाठवू. अहेरीच्या पुढे जंगलातलं गाव, तिथे ना चेंडू ना खांब. सरांनाही पटलं.

मी स्वतः पोचवायला गेलो. आष्टीला बस बदलताना तिला बसायला जागा मिळावी म्हणून एक गाडी सोडून दिली. आजीला चित्रांचा कागद दाखवून एकेक फुली समजावली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमी काय चिंता नका करू. पोरीले मी हंडा उचलू देत नाई. नुसती बसवून खाऊ घालतो." आणि त्यांनी ते अक्षरशः पाळलं. नातीला त्यांनी अंगणाच्या बाहेर विहिरीवर जाऊ दिलं नाही, जळण आणू दिलं नाही, शेणाची पाटीसुद्धा उचलू दिली नाही.

पण तो चैत्र होता, आणि त्या दिवसांत तिकडे सगळा गाव पहाटेच मोहाच्या झाडांखाली असतो. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, तिच्यावर रात्रभर फुलं टपटपत असतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची. गुडघे न वाकवता, कमरेतून ओणवं होऊन, एका हाताने टोपली पुढे सरकवत. आजी, मामी, चुलत बहिणी, शेजारच्या म्हाताऱ्या, सगळ्या तिथेच. हसणं, गाणी, एकमेकींची थट्टा, सगळं ओणव्यानेच चालतं. त्याला तिथे कोणी काम म्हणत नाही. मोहाले जाणं म्हणजे जाणं. घरी एकटी बसलेली मुलगी दुसऱ्या दिवसापासूनच त्यांच्यासोबत जाऊ लागली. भरलेली टोपली मात्र आजीने तिला एकदाही उचलू दिली नाही.

फोनवर मुलगी रोज सांगायची, "बाबा, काहीच नाई करून राह्यली. नुसती मोहाले जातो." आणि मी म्हणायचो, "बरं."

मी आयुष्यभर टनांत माल तोलला आहे. मोहाचं फूल तळहातावर ठेवलं तर हात भरल्याचं कळतही नाही. कागदावर पोतं होतं, फूल नव्हतं.

मे महिन्यात पुन्हा फोटो काढले. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि बराच वेळ पाहिलं. दिवसभर काय करत होतीस, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ते रागावले नाहीत. मोहामुळेच झालं असंही ते म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. जी चीर भरत आली होती ती पुन्हा उघडली आहे, आता नव्याने सुरुवात, एवढंच म्हणाले. सासूबाईंना आम्ही हे कधी सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? त्यांच्या मते त्यांनी नातीला फुलासारखं जपलं, आणि ते खरंच आहे.

जून निघून गेला. सर निवडीला दुसऱ्या दोघींना घेऊन गेले आणि परत आल्यावर आमच्याकडे आले. मग मुलीला म्हणाले, "पोरी, मी ज्या घाईनं खेळाले परत गेलो ना, तशी तू जाऊ नको. हा पट्टा पाहाले तुले चांगला वाटते का?" ती हसली. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर सरांनी मैदानावर एक नवा नियम केला. मार्च लागला की जंगलाकडच्या मुलींच्या घरी स्वतः जायचं आणि मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरायला सांगायचं, म्हणजे फुलं ओणवं न होता गोळा होतात. बाया त्यांना हसतात. "मास्तर, तुमाले आता मोहाचंही शिकवाचं हाय का?" म्हणतात. काही घरी जाळी अंथरली जाते, काही घरी नाही.

मुलीची पाठ पुढे भरून आली, पण निवडीचं वय त्यात गेलं. ती आता गडचिरोलीला फार्मसी शिकते. या दिवाळीला घरी आली तेव्हा डॉक्टरांकडे शेवटची तपासणी होती. सगळं ठीक आहे, हवं ते कर, असं ते म्हणाले. परतताना मी ते मनात इतक्या वेळा घोळवलं की राजुरा कधी आलं कळलं नाही.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, चल, मैदानावर फिरून येऊ. सरांच्या कपाटातला जुना चेंडू मी सकाळीच मागून आणून ठेवला होता. खांब तेच आहेत, एक बांबू थोडा झुकलाय. सर खुर्चीवर होते. मी चेंडू पुढे केला.

"एक मारून पाहतेस का?"

तिने चेंडू हातात घेतला, दोन टोकांवर फिरवला. खांबांकडे पाहिलं. मी कान देऊन उभा होतो, हे मला नंतर लक्षात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "खरं सांगू? मले आता त्याची आठवण नाई येत. तुमालेच येते."

तिने चेंडू माझ्या हातात दिला. "तुमीच मारा. पाहू तुमचा हिशेब."

"मारा भाऊ, मारा," सर खुर्चीवरून म्हणाले. "फक्त मले लागू देऊ नका."

मी चेंडू सोडला. टप् झालं, आणि बऱ्याच वेळाने धप्प. चेंडू खांबांच्या कितीतरी बाहेरून भिंतीपलीकडच्या पऱ्हाटीत जाऊन पडला. सर इतके हसले की त्यांना कंबर धरावी लागली. मुलगीही हसत हसत भिंतीच्या फटीतून पलीकडे गेली. कापसाच्या झाडांत चेंडू सापडल्यावर ती थांबली, पाय जवळ घेतले, पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवत हळूच खाली बसली आणि तशीच सरळ उठली. आताशा ती पडलेली पिनसुद्धा अशीच उचलते.