सीडीच्या मधोमध

आमच्या दुकानात धूळ आणि किस्से दोन्ही रोज साठतात. धूळ मी पुसून टाकते. किस्से टाकवत नाहीत.

लग्न होऊन बारामतीत आले तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स माझा झालेला होता आणि डीटीपीचं दुकान ह्यांचं होतं. लग्नपत्रिका, कॅसेटची कव्हरं, आणि नुकत्याच निघालेल्या सीडी. काम मी करायचे, गिऱ्हाइकाशी हे बोलायचे.

पहिल्याच कव्हरच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात ‘मांडणी: सुनीता’ असं टाकलं. ह्यांनी ते पाहिलं.

“अगं, लोक विचारतील, मग हा सुहास करतो काय?”

प्रश्न रास्त होता! मी ‘सुनीता’ खोडून ‘सुहास’ केलं.

*

एमआयडीसीतला एकजण भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी स्वतःचा फोटो घेऊन आला. डोळ्यांवर गॉगल, बुडाखाली मोटरसायकल.

“मला देवाच्या पायाशी बसवा.”

“गाडी कापून टाकू ना?” मी विचारलं.

“न्हाय ओ वैनी! नवी हाय, दिसू द्या!”

देवाच्या पायाशी मोटरसायकल लागली. कव्हर पाहून कुणीतरी हसलं, तर हे म्हणाले, “आवडलं ना? कल्पना माझी!”

*

लोणी देवकरच्या एका कवीला आठही गाणी, सगळ्या कडव्यांसकट, सीडीवर छापून हवी होती.

“अक्षर मुंगीएवढं होईल. वाचता येणार नाही,” मी म्हटलं.

“गाणी ऐकायची असत्यात, वैनी. वाचायची कशाला?”

मग छापायची कशाला? हे मी मनात विचारलं. माझी चांगली उत्तरं तिथंच राहतात.

*

मग आले निमगाव केतकीचे तात्या. गाणारा त्यांचा पुतण्या, खर्च तात्यांचा; त्यामुळे फोटोही तात्यांचा. फेटा, कपाळाला गंध, गळ्यात भला मोठा हार. नमुन्याची सीडी त्यांनी उलटी केली.

“ही चकचकीत बाजू कोरी का सोडली? हितं बी फोटो टाका.”

“तिथून गाणी वाजतात, तात्या.”

“वाजू द्या की! फोटोनं काय आवाज बसतोय व्हय?”

“टाकू, तात्या!” हे म्हणाले.

मी सांगितलं, “ती बाजू फक्त मशीनच बघतं.” तात्यांनी लगेच सीडी सुलटी केली. मशीनला तोंड दाखवून उपयोग नव्हता!

*

“मंग पुढच्या बाजूला, पार मधोमध घ्या,” तात्या म्हणाले. “पुतण्या कडंला बसंल.”

मी तसा कागदावर प्रिंट काढला आणि तात्यांच्या नाकाभोवती एक काळं वर्तुळ काढून दाखवलं.

“माज्या तोंडावर ही रिंग कशापायी?”

“तिथं भोक येतं, तात्या. फोटो वर सरकवूया.”

“तू गप बस गं,” हे म्हणाले. “रेघ काढून टाकतो, तात्या.”

“सुहासराव, तुमाला कळतंय. बायामाणसांना ह्यातलं कळत न्हाय.”

तात्या गेल्यावर मी पुन्हा म्हटलं, “अहो, भोक येणारच आहे.”

“मला शिकवू नकोस. रेघ काढून टाक. आणि माझं नाव जरा मोठं कर, मोठं काम आहे.”

मी रेघ काढून टाकली. नाव मोठं केलं.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी छापून आलेल्या सीडींचं खोकं घेऊन तात्या दुकानात आले. सोबत गावातली चार माणसं. एक सीडी त्यांनी आमच्यासमोर धरली. वर फेटा, खाली हार, आणि मधून आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

“कुनी केलं हे?”

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“हिनं! डिझाइन सगळं हीच करते, तात्या. मला त्यातलं काय कळतंय?”

चार माणसांसमोर, पहिल्यांदाच!

तात्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. भोकात बोट घातलं, सीडी सावकाश फिरवली, आणि कडेची अक्षरं वाचली.

“सुहासराव, हितं तर तुमचं नाव हाय. आन् लई मोठं हाय!”