बोक्याची शुगर

आमच्या घरात शुगर दोघांना आहे, मला आणि बोक्याला. मला गोळी लागते, त्याला इंजेक्शन. म्हणजे मानानं तोच मोठा. माझी गोळी मी कधीमधी विसरतो. त्याचं इंजेक्शन विसरून चालत नाही.

बोका तसा माझा नव्हे, बायकोचा. काळी आणि लंगडी या दोन मांजरीही तिच्याच. ती होती तोवर मी या तिघांशी 'हट' यापलीकडे काही बोललो असेन असं वाटत नाही. ती एका परातीत दूधभात कालवायची, तिघं तीन बाजूंनी डोकी घालायची, आणि मी पेपरामागून म्हणायचो, "जनावरांची खानावळ काढलीस." ती गेली तेव्हा पोरीनं पुण्याला चला म्हणून फार आग्रह केला. मी म्हणालो, मांजरांचं काय? कारण आयतंच सापडलं होतं. पुण्यात जाऊन मी करणार काय होतो? खरं सांगायचं तर इथं बिदरलाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मैलूर वस्तीतल्या या घरात तिची मांजरं होती, एवढंच.

पावसाळा सरता सरता बोका पाणी पिऊ लागला. मोरीतल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पीतच राहायचा. खायचाही वखवखल्यासारखा, आणि तरी वाळत चालला. मग मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला लावून चालायला लागला, म्हाताऱ्या माणसाला सपाता मोठ्या झाल्यावर तो फरफटत चालतो तसा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला, माणसांच्याच मशीनवर लावला आणि म्हणाले, "सर, याला शुगर आहे."

मी म्हणालो, "मलाही आहे."

ते हसले. मला काही हसू आलं नाही. दूध, भात, भाकरी बंद, असं त्यांनी सांगितलं. उकडलेलं चिकन, अंडं, तेही सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, आणि खाता खाता इंजेक्शन. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. शुगर वाढलेली चालेल एक वेळ, पण इंजेक्शननं ती एकदम खाली गेली तर जनावर हातचं जाईल. लटपटायला लागलं की लगेच साखरपाणी द्यायचं.

तेव्हापासून परातीचं राज्य संपलं. आता काळीला न्हाणीत कोंडायचं, लंगडीला स्वयंपाकघरात, आणि बोक्याला माझ्यासमोर बसवायचं, नाहीतर तो स्वतःचं संपवून दोघींच्या वाट्याला तोंड घालतो. काळी दारामागून मला अशी बोलते की अर्थ लावायची गरज पडत नाही. मी उभा जन्म हायस्कूलला गणित शिकवलं, भरलेले वर्ग नुसत्या भुवईवर गप्प केले. या तीन मांजरांपुढे माझी मास्तरकी चालली नाही. बोक्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची. पहिले काही दिवस सुई माझ्याच बोटात शिरायची. तो मात्र खात राहायचा.

मग भांडी उचलायची, दारं उघडायची, आणि झाला माझा दिवस. मधल्या वेळात घर इतकं गप्प असतं की फ्रीज चालू झाला तरी मी मान वर करून बघतो. पोरगी रविवारी फोन करते, आधी बोक्याचं विचारते, मग माझं. मीही बोक्याचंच जास्त सांगतो, कारण त्याच्याबाबतीत सांगण्यासारखं काही घडत असतं. त्याच्याशी मी बोलायलाही लागलो. आज हवा गार आहे, गुडघा दुखतोय, असलं काहीतरी. दिवसभर तो खिडकीतून बाहेर जायचा आणि संध्याकाळी सुईच्या वेळेला बरोबर परत यायचा. मला वाटायचं, या जगात एक जीव असा आहे की ज्याचं माझ्यावाचून चालत नाही.

भिंतीपलीकडच्या अक्का अधूनमधून हटकायच्या. त्यांच्या घरात कन्नड, माझ्याशी मराठी. "सर, बोका लई वाळलाय की. खायला घालायलाव का न्हाई?"

"औषध चालू आहे," मी म्हणायचो आणि आत यायचो. मांजराला शुगर आहे हे काही मी गल्लीत सांगितलं नव्हतं. शुगरवाल्या मास्तराचा शुगरवाला बोका म्हणजे गल्लीला वर्षभराची करमणूक झाली असती. शिवाय गल्लीशी बोलणं हे आमच्याकडे बायकोचं खातं होतं. कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाची म्हैस व्याली, हे तिला ठाऊक. मी फक्त रस्त्यात मान हलवायचो.

शुगर काही उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी उतरेना. पुन्हा वाढवला. "सर, बाहेर कुठं काही खातो का हा?" त्यांनी विचारलं. मी चिडलो. माझ्या घरचं खाणं मोजून-मापून असतं, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सुनावलं.

अशात येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. आमच्या या भागात येळवशीला गावात माणूस राहत नाही. पिकात कडब्याची खोप उभारायची, पांडव पुजायचे, आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि दिवसभर शेतातच पंगती. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी ओढून नेतंच. आमची खटकचिंचोळीची जमीन पुतणे करतात. बायको होती तेव्हा आम्ही जायचो, बोलावणं अजूनही येतं. यंदाही आलं. मी म्हणालो, "बोक्याची सुई असते." अक्कांनी भिंतीवरून विचारलं, "जनवाड्याला शेतावर चला की आमच्यासंग, गाडीत जागा हाय." त्यांनाही मी तेच औषधाचं सांगितलं. उजाडता उजाडता गल्लीतून टेम्पो, जीपगाड्या, मोटारसायकली निघाल्या. पोरांचा आरडाओरडा कोपऱ्यावर वळला आणि मग काहीच ऐकू येईना. दारांना कुलपं. एरवी अंगणात मरगळून पडलेली कुत्रीसुद्धा कुणाच्या तरी टेम्पोत बसून गेली असावीत.

मी तिघांना तीन ठिकाणी खायला घातलं, बोक्याला सुई दिली. तो नेहमीप्रमाणे खिडकीतून गेला. थोड्याच वेळात परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मला वाटलं, यालाही करमत नाही.

दुपारी मोरीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. बोका आडवा पडला होता. उठायला बघत होता आणि पाय चारी दिशांना जात होते. डोळे सताड उघडे, पण मी समोर असून त्याला दिसत नव्हतो. कानाला सुई टोचून माझं शुगरचं मशीन लावलं तर त्यावर आकडाच येईना, नुसतं 'लो'.

साखरपाणी! मी स्वयंपाकघरात धावलो आणि तिथं पोचल्यावर कळलं की माझ्या घरात साखर नाही. चहा मी बिनसाखरेचा पितो. पाहुण्यांसाठी म्हणून एक डबा असायचा. पाहुणे येईनात, तेव्हा तो मुंग्यांनी संपवला. गूळ नाही, मध नाही. मी बाहेर आलो. अक्कांच्या दाराला कुलूप. समोर कुलूप. पुढच्या घराला कुलूप. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर खाली. एरवी या गल्लीत वाटीभर साखर मागायला कुणाच्याही दारात उभं राहिलं असतं तर मिळाली असती, आणि मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. भर दुपारी त्या रिकाम्या गल्लीत मला रडू आलं. बोक्यासाठी आलं, आणि माझ्यासाठीही.

परत आत आलो तेव्हा देव्हारा समोर दिसला. देव्हाऱ्याची मी धूळ पुसतो, त्यापलीकडे देवांना माझा काही त्रास नसतो. तिथं बायकोची पितळेची डबी होती, नैवेद्याच्या खडीसाखरेची. ती गेल्यापासून उघडलेली नव्हती. झाकण घट्ट बसलं होतं, दातांनी ओढून काढलं. आत अर्ध्यावर खडे होते, जसेच्या तसे. बत्त्यानं कुटले, कोमट पाण्यात विरघळवले, आणि मोरीपाशी फतकल मारून बोट बुडवून बुडवून त्याच्या हिरड्यांना चोळत बसलो. काळी आणि लंगडी जरा अंतरावर येऊन बसल्या. आज दोघींपैकी कुणीही ओरडलं नाही.

"जाऊ नकोस," मी त्याला म्हणालो. बायकोला दवाखान्यात हे म्हणायचं राहिलं होतं. तिथं नर्सबाई होती, पोरगी होती, मला लाज वाटली होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्यानं आधी जीभ बाहेर काढली, मग माझं बोट चाटलं. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे खरंच बघितलं. डॉक्टरांना मी मघापासून लावत होतो तो फोनही तेव्हाच लागला. तेही कुठल्याशा शेतात होते, मागं पंगतीचा गोंधळ. मी काय केलं ते ऐकून म्हणाले, "बरोबर केलंत. आता थोडं खाऊ घाला, आणि संध्याकाळची सुई देऊ नका. पण सर, रोज हाच डोस, रोज हेच खाणं, मग आजच असं कामून झालं?"

गणिताच्या मास्तरानं सुईचे आकडे आणि चिकनचं माप पुन्हा ताडून बघितलं; चूक सापडेना.

उत्तर दिवे लागायच्या वेळी भिंतीवरून आलं. अक्का शेतावरून परतल्या होत्या, केसात कडब्याचा कचरा तसाच. माझ्यासाठी किटलीत आंबील आणि डब्यात भज्जी आणली होती. ती माझ्या हातात द्यायच्या आधीच म्हणाल्या, "बोका कुठाय? सकाळी निघायच्या घाईत त्येला दूध-भाकर ठेवायची ऱ्हायली बगा. दिवसभर जीव लागला न्हाई माजा."

"तुम्ही त्याला रोज दूध-भाकर घालता?"

"मी एकटीच व्हय? समोरची दहीभात घालतीया. कोपऱ्यावरची म्हातारी तर साय काडून ठिवती. गल्ली सगळी घालतीया." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "बाई गेल्या. घरात बापय मानूस एकटा, काय रांधतंय काय न्हाई. बोका तर वाळत चाललेला. मुक्या जिवाला उपाशी कसं ठिवावं?"

गल्लीच्या दूध-भाकरीनं शुगर चढत होती, म्हणून डॉक्टर डोस चढवत होते. आणि आज गल्ली शेतावर गेली, दूध-भाकर गेली, डोस तेवढाच राहिला. इतकं सोपं गणित होतं. सकाळी तो सारखा बाहेर जाऊन परत येत होता तो कुलूपबंद दारांवरून. माझ्यावाचून त्याचं चालत नाही म्हणे. त्याला चांगली सात-आठ घरं होती. एकच घर मला होतं, नि तेही त्याच्या जिवावर.

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अक्कांना मी सगळं सांगितलं, शुगरपासून खडीसाखरेपर्यंत. त्या तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. "अगंबाई, आमच्याच हातनं मेला असता की वो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत घरोघर गेलो. बोक्याला काही घालू नका हे सांगायचं होतं, दोन मिनिटांचं काम. ते दुपार खाऊन गेलं. प्रत्येक घरात खुर्ची पुढं आली, प्रत्येक घरात "सरांना बिनसाखरेचा" असा चहा आला. माझी शुगर सगळ्यांना ठाऊक होती. कुणीही हसलं नाही. समोरच्या घरी बोक्याची स्वतःची जर्मनची थाळी होती. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं तो कुठं बसतो ते दाखवलं, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, जिथं पूर्वी माझी बायको टेकायची. "त्याच वेळेला येतंय," ती म्हणाली. "बाई यायच्या त्याच वेळेला." मी मान हलवली. बायको रोज दुपारी कुठं जाते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

निघताना म्हातारीनं विचारलं, "मांजर रोज येतंय. तुमी कामून येत न्हाईत?"

ती उत्तरासाठी थांबली होती. चपला पायात घालायला मी उगाच वेळ लावला.

खिडकीला जाळी बसवून घेतली. डोस पुन्हा खाली आला, शुगर बरीच आटोक्यात आहे, मागचे पाय जरा उचलून चालतो. डॉक्टर खूश आहेत. बोका नाही. दुपार झाली की तो जाळीला नाक लावून गल्लीकडे तोंड करून बसतो आणि मधूनच माझ्याकडे वळून बघतो. त्याची समजूत काढायला माझ्याकडे काही नसतं. दोघंही आत बसून राहतो.

परवा दुपारी त्याचं ते बघणं मला सहन होईना. मी सदरा घातला, चपला घातल्या, आणि कोपऱ्यावर जाऊन म्हातारीच्या दाराची कडी वाजवली. ती हळूहळू आली, दार उघडलं, आणि सवयीनं आधी खाली बघितलं, माझ्या पायांशी, उंबऱ्याकडे. तिथं कुणी नव्हतं. मग तिनं वर बघितलं.

"या," ती म्हणाली आणि बाजूला सरली.