टाकीच्या झाकणातली लाख

ईशान, मुग्धा,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. आजोबा गेले तेव्हा, आता सांगायचे तरी कोणाला, असे म्हणून मी स्वतःची सुटका करून घेतली होती. पण मागच्या रविवारी ईशानने व्हिडिओ कॉलवर तिकडे घेतलेली जुनी मोटरसायकल दाखवली. म्हणाला, "आजी, पाच-सहा किलोमीटर छान जाते आणि मग पेट्रोल मिळेनासे झाल्यासारखी बंद पडते. आजोबांची पण अशीच पडायची ना?" मी म्हटले, मला बाई त्यातले काय कळते! — खोटे बोलले. पुन्हा एकदा.

मला कळते, ईशान. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरते तशी त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. भोक बुजले की टाकी पेट्रोल सोडत नाही आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. झाकण उघडले की फुस्स आवाज होतो आणि गाडी पुन्हा चालते. भोकात टाचणी घालून बघ.

हे मला कसे ठाऊक? — आमच्या गाडीचे भोक मीच बुजवले होते.

गाडी अंगणात भिजायची. एवढे पाऊसपाणी, आणि झाकणाला भोक? मला ती खोटच वाटली. शाळेत प्रश्नपत्रिकांची पाकिटे बंद करायची लाख माझ्याकडे असे. झाकण उलटे करून आतून एक थेंब टाकला. कोणाला विचारले नाही. घरातले सगळे मी असेच, न विचारता, नीटनेटके करत असे.

त्यानंतर गाडी वाटेत बंद पडू लागली. कसालच्या बाजारात वसंत मिस्त्रींचे गॅरेज होते. त्यांनी कार्ब्युरेटर तीनदा खोलला, त्यातले बारीक छिद्रांचे जेट फुंकून साफ केले, पेट्रोलची नळी बदलली. दर वेळी पेट्रोल किती आहे ते बघायला झाकण उघडत — म्हणून त्यांच्या दारात गाडी झकास चाले. "भाऊनु, तुमच्या गाडयेक म्हायार बरां लागता, सासर नको," असे ते हसून म्हणाले. आजोबांना हसू आले नाही. मिस्त्री लोक मूळचा कार्ब्युरेटर काढून डुप्लिकेट बसवतात, असे त्यांना ऑफिसात कोणीतरी सांगितले होते.

एका दुपारी त्यांनी गाडीचे इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवले. "अगो, ह्या काय म्हणता ता वाचून सांग." मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. नळी तपासा. गाळणी तपासा. आणि मग — झाकणाचे भोक मोकळे आहे ना, ते पाहा.

ती ओळ मी गाळली. आवाज जरासुद्धा न अडखळता पुढची वाचली.

का? आजोबा रागावले असते? छे. फार तर हसले असते. माझी शिस्त, माझे इंग्रजी, आणि हा थेंब! ते हसणे मला नको होते — एवढेच. उद्या गुपचूप खरवडून टाकू, असे ठरवले.

पण त्याच संध्याकाळी आजोबा गाडी घेऊन कसालला गेले आणि भर बाजारात वसंत मिस्त्रींना चोर म्हणाले. मिस्त्री भांडले नाहीत. गाडी ठेवून घेतली, पुन्हा एकदा सगळी तपासली. सोमवारी सकाळी ती आमच्या अंगणात आणून लावली आणि म्हणाले, "चला, देवाकडे."

देवळात गावकऱ्यांसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले गेले. "बा देवा म्हाराजा, ज्येच्या हातून चूक झाली आसात, तेका उजेडात हाड रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी आजोबांच्या मागे उभी होते. मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

घरी आले, झाकण काढले आणि लाख खरवडली. वाटले, गाडी चालली की मिटेल सगळे. मिटेल? दुसऱ्या दिवशी गाडी कुडाळला जाऊन न थांबता परत आली. आजोबा अंगणातूनच ओरडले, "बघितलंस? मिस्त्री देवाक घाबारलो! काल येताना मूळचो कार्ब्युरेटर परत बसवल्यान!" दोन दिवसांत गावभर हेच पसरले. माझ्या त्या खरवडण्यानेच मिस्त्रींवर चोरीचा शिक्का बसला. बोलायला तेव्हाही वेळ होता. मी बोलले नाही.

त्यांच्या गॅरेजकडे माणसे फिरकेनाशी झाली. वर्षभरात त्यांनी ते बंद केले आणि गोव्यात दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागले.

बऱ्याच वर्षांनी वसंत मिस्त्री मला कुडाळच्या एस.टी. स्टँडवर भेटले. केस पिकलेले. मला बघून उठून उभे राहिले. "बाई, गाडी बरी चलता मां?" मी म्हटले, "हो." माझी बस लागली होती. मी चढले.

ते अजून आहेत, दोडामार्गला मुलीकडे राहतात. पत्ता मला ठाऊक आहे. मी गेलेले नाही. इथले त्यांचे घर कुलपात आहे. त्याला गावात अजूनही चोरमिस्त्रीचे घर म्हणतात.