भिंगांची जोडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुमच्याशी बोलतोय — कारण काल आम्ही जिंकलो, आणि तो आनंद मला धड भोगता येईना.

चितेगावच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये मी आणि माझ्या हाताखालची सुषमा लेझरनं वीज पाठवतो. छतावरून न दिसणारा किरण येतो, त्यावर ट्रॉलीवरचा कॅमेरा चालतो, त्यावरूनच चित्र परत येतं. वायर नाही, बॅटरी नाही. अडचण एकच — कॅमेरा जरा बाजूला सरकला की सगळं बंद. मी मोटरनं आरसा फिरवून किरण त्याच्यामागं नेत होतो. सुषमा म्हणाली, मोटर कशाला? वर छताला नि खाली कॅमेऱ्यावर भिंगांची जोडी अशी बसवू, की उजेड आल्या वाटेनं परत जाईल. मग कॅमेरा कुठंही जाऊ दे.

तिनं जोडी तयार केली, आणि आई आजारी पडली म्हणून अजिंठ्याला गेली. जाताना म्हणाली, "सर, तेवढं लावून बघा."

मी लावलं. आणि — कसं सांगू? — चाललं! ट्रॉली ढकलत पार दारापर्यंत नेली, चित्र जरासुद्धा हललं नाही. आनंद व्हायला हवा होता ना? मला फक्त माझा आरसा दिसत होता. त्यात माझी उमर गेलेली, आणि ही काल आलेली पोरगी!

जोडी उतरवली. तिला फोन केला.

"नाय जमलं, सुषमा. कडंला गेलं की बंद पडतंय."

"व्हय का? मग माझंच काहीतरी चुकलं असंल, सर."

पुढं कितीतरी महिने तिनं विषय काढला नाही. मी आरसा फिरवत राहिलो — बघत राहिलो, तो अडकतोय, थांबतोय. शेवटी तिनंच जिद्दीनं नवी जोडी बांधली.

काल सगळ्यांसमोर तिनं ट्रॉली ढकलली. शेडच्या चारी कोपऱ्यांत! पडद्यावर चित्र लख्ख. कामगारांनी शिट्ट्या मारल्या, कुणी पेढे आणायला पळालं. मी नाचलो — खरंच नाचलो, खोटं नव्हतं ते.

मालकांनी हार तिच्या हातात दिला. ती माझ्याकडं आली.

"सरांनी तेव्हा तपासून सांगितलं नसतं, तर मी चुकीच्याच जोडीवर अडकून बसले असते."

बोलायची वेळ तीच नव्हती का? सगळे समोर होते. ती हसत उभी होती.

मी मान वाकवली, आणि हार घालून घेतला.