न मिटणारा डोळा आणि परसातली पाखरं

डॉक्टरांनी ह्यांना भुवया वर करायला सांगितलं. उजवी गेली, डावी जागची हलली नाही. डोळे मिटायला सांगितलं. उजवा मिटला, डावा उघडाच. हसायला सांगितलं तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि मी खिडकीकडे बघायला लागले.

“बेल्स पाल्सी,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे चेहरा हलवणारी नस सुजते आणि ती बाजू लुळी पडते. मेंदूचा झटका नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बहुतेकांचं बरं होतं, काहींचं तोंड वाकडं राहतं. खरी भीती डोळ्याची. पापणी मिटत नाही म्हणून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, सुकतो. त्याला जखम झाली तर नजरही जाऊ शकते.

आमचे हे फोटोग्राफर. धारगळला हमरस्त्यावर छोटा स्टुडिओ. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. लग्नांत व्हिडिओवाले शिरायला लागले होते, पण पेडणे तालुक्यातले लोक अजून ह्यांनाच बोलवायचे. डोळा गेला तर हा माणूस जगणार कशावर, मला तेवढंच दिसत होतं.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी शेजारीण म्हणाली, वारं लागलंय, तेल चोळ. मीही शहाणी, चोळत बसले! तुमच्या घरी कुणाचं तोंड असं वाकडं झालं तर तेलाची बाटली ठेवा बाजूला आणि आधी इस्पितळ गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे सूज उतरवणारं औषध, जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

दिवसभर डोळ्यात थेंब. झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद. आरशासमोर बसून गाल फुगवा, भुवया उचला, असा व्यायामही दिला होता. ह्यांनी आरशावर टॉवेल टाकला. जन्मभर लोकांना ‘हसा’ सांगणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पेज जेवायला लागला. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

एका सकाळी हे कॅमेरा घेऊन परसात बसले. पाखरं तोंड बघत नाहीत, म्हणाले.

पण उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा तर डावा मिटावा लागतो. ह्यांचा मिटेना. काचेतलं पाखरू आणि बाहेरची जासवंद एकात एक मिसळायची. डोळ्यावर पट्टी बांधली की मी चोर दिसतो, म्हणायचे, म्हणून तीही नको. मग मीच आदोळीवर खवत असलेला नारळ टाकून, हात धुऊन यायचे आणि मागे उभी राहून त्या डोळ्यावर तळहाताची वाटी धरायचे.

शेंडी उभारलेला बुलबुल म्हणजे मानपान चुकलेला जावई. चष्मेवाला पक्षी डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या कड्यांतून पंचायतीच्या सेक्रेटरीसारखा बघायचा. शिंपी पक्षी मान तिरकी करून आमच्या स्वयंपाकघरात डोकवायचा, थेट ती तेलवाली शेजारीण! आणि गंमत बघा, बुलबुल फुगला की हेही गाल फुगवायचे. शिंप्याबरोबर भुवई उचलू बघायचे. मी पाखराकडेच बघत राहायचे. बोलले असते तर तेही बंद केलं असतं, ह्यांचा स्वभाव मला ठाऊक.

एकदा इवला शिंजीर पक्षी जासवंदीत डोकं खुपसून मध पीत होता. वर आला तो चोचीपासून कपाळापर्यंत परागांनी पिवळा, आणि चोरून खाताना सापडल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. हे श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात माझ्या तळहाताला काहीतरी चाटून गेलं. मला मुंगी वाटली. पुन्हा तसंच झालं. पापणीचे केस होते ते.

मी हात जरासा उचलून बघायला गेले. “हात हालवू नको गो,” हे वैतागले.

“अहो, डोळो मिटता तुमचो.” मला रडू आवरेना. “काढू हात?”

शिंजीर उडून गेला होता. ह्यांनी कॅमेरा खाली घेतला नाही, रिकाम्या फुलाकडे तसाच लावून ठेवला. पापणी पुन्हा एकदा, अर्धीमुर्धी, माझ्या हाताला लागली.

“रवांदे,” हे म्हणाले. “असूं दे हात थंयच.”