आईंच्या बरणीतला पतंग

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई हंसाबाईंना, हार मानणं जमत नाही. वय बासष्ट. होळी नावाच्या गावात घरामागे त्यांची मोगऱ्याची वाडी आहे. चाळीस वर्षं त्या रोज सकाळी कळ्या खुडतायत. खुडता खुडताच अंगठ्याने चाचपतात आणि भोक पडलेली कळी जागच्या जागी खाली टाकतात. हात थांबत नाही.

भोक पाडते ती अळी. ती कुठून येते, हे आईंनी तीन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं: शेजारच्या एस्थरमावशींच्या वाडीतून. गुडघे गेल्यावर मावशींनी मोगरा सोडला आणि तिथे रान माजलं. आई कुंपणापाशी जाऊन नको नको ते बोलल्या. लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण, पण तेव्हापासून बोलणं बंद. मला, त्यांच्या सुनेला, हे अजिबात पटलेलं नव्हतं.

यंदा श्रावणात आम्ही दोघी तुंगारेश्वरला गेलो. देवळाच्या वर डोंगरात तेरडा फुललेला. आई एकदम उकिडव्या बसल्या. फुलात सोंड खुपसून नखाएवढं पांढरं पाखरू बसलं होतं, पंखांवर पट्टे.

"बघ रीमा, हाच माझ्या कळीतला. रानफुलावर जेवतो. म्हनजे एस्थरच्या रानातूनच येतो. फोटो काढ."

"आई, तुम्ही अळी पाहिलीत. तिचं पाखरू कधी पाहिलंय?"

आईंनी नकारार्थी मान हलवली. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

फोटो मी पतंगांच्या जाणकारांच्या एका ग्रुपवर टाकला. उत्तर आलं: एवढ्यावरून नाव सांगता येणार नाही, मोगऱ्यातल्या अळ्या पाळा आणि पतंग बाहेर आला की ताडून पाहा. आई हे हसण्यावारी नेतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी लोणच्याची बरणी धुवायला घेतली.

बरणीत भोकाच्या कळ्या, तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. चौथ्या दिवशी अळ्या बाहेर पडून काचेवर सैरभैर फिरायला लागल्या. "काय पायजे हिला?" दिवसभर आईंचा हाच प्रश्न. शेवटी त्यांनी अंदाजाने वाडीतली मूठभर माती घातली. तासाभरात सगळ्या अळ्या मातीत गडप.

मग आईंचा चहा बरणीसमोर, जेवण बरणीसमोर. मालिका सुटल्या. आठवड्याने सकाळीच त्यांनी मला हाक मारली. मातीतून पाखरू वर आलं होतं. पांढरंच, पण पंखांवर काळ्या नागमोडी रेघा. मी फोन शेजारी धरला. डोंगरावरच्याचे पट्टे तपकिरी, जाड आणि सरळ. तो दुसराच कुणीतरी होता, आणि त्याचं नाव आम्हाला अजूनही माहीत नाही.

मी जिंकले म्हणून खूश होते. आई मात्र फोनकडे बघतच नव्हत्या.

"कळी, खाली माती," त्या हळूच म्हणाल्या. "मी पन हेच करते ना, रोज?"

मला कळायला जरा वेळ लागला. भोकाची कळी झाडाखाली, तिथे मऊ माती, वर पुन्हा नव्या कळ्या. इतकी वर्षं अळी आम्हीच पाळत होतो. मला आईंची दया आली, आणि त्या बरणी उचलून थेट कुंपणाकडे निघाल्या तेव्हा अभिमानही वाटला. मी मागोमाग गेले.

एस्थरमावशी ओट्यावर भाजी निवडत होत्या. आईंनी बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

"एस्थर, अळी माझीच होती. मी टाकलेल्या कळ्यांतली. तुला बोलले ते चुकलं माझं."

मावशींनी बरणी उजेडात धरून पाखरू सावकाश निरखलं.

"मला ठाऊक होतं. मी भोकाच्या कळ्या बादलीत जमवून जाळायचे."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगनार कशी? तू बोलत कुठं होतीस?"